तुझ्या खोलीतली आणीबाणी

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडून म्हणालास, “आई, सिगारेट ही साथीतली सवय आहे, जाईल आपोआप.” त्यावर पुन्हा काही बोलायचे नाही, असे मी ठरवले होते, पण जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तुझ्या खोलीतली मात्र अजून उठलेली नाही, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

ऑफिसात असताना सिगारेटसाठी खाली उतरावे लागे, सोबतीला कोणीतरी लागे, साहेबांची नजर असे. तेवढ्याने का होईना, हात आवरला जाई. घरून काम सुरू झाले आणि हा सगळा अटकाव गेला. खिडकीशी टेबल, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, एक विझण्याआधी दुसरी, आणि राख कपाखालच्या बशीत. मी तुझ्याकडे राहिले होते तेव्हा त्या बशीवरचा पिवळा डाग घासूनही निघाला नाही. ताईने ज्या भीतीने सिगारेट सोडली, त्याच भीतीने तू वाढवलीस. (तुलना नको, म्हणशील. बरे, नाही करत.)

एप्रिल २०२०मध्ये निकोटिनमुळे संसर्ग टळत असावा, अशी शक्यता फ्रान्समधल्या काही संशोधकांनी मांडली, ती बातमी तू मला लगेच पाठवलीस. धूम्रपान करणाऱ्यांत हा आजार गंभीर होण्याचा धोका अधिक असल्याचे आरोग्य संघटनेने मे महिन्यात सांगितले, ते मात्र पाठवले नाहीस.

त्याच काळात नानांसाठी रात्रभर फोन करून तू ऑक्सिजनचा सिलिंडर मिळवलास आणि एकट्याने जिन्यावरून वर आणलास. मी आजही ते सगळ्यांना सांगते. परवा आलास तेव्हा त्याच जिन्यात दुसऱ्या वळणावर थांबून तू मोबाइल बघत असल्यासारखे केलेस. मला कळते रे.

सोडल्यावर पहिले काही दिवस फार जड जातात, चिडचिड होते, झोप उडते. मग तलफ ओसरू लागते. निकोटिनच्या पट्ट्या मिळतात, डॉक्टरांना विचार. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. झाले माझे व्याख्यान सुरू, क्षमा कर. पण छातीचा फोटो काढून घेच.

आणि निदान ते टेबल खिडकीपासून हलव. रविवारी ताई येणार आहे, तिला मी सांगून ठेवले आहे. टेबल जड आहे, एकटा ओढू नकोस.

तुझी,
आई