लिलावात फुकट मिळणारी शिवराई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जुनी नाणी जमवणारी पोरं अलीकडं खूप वाढलीत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पूर्वी हा नाद म्हणजे पोस्टातले-बँकेतले चार रिटायर्ड लोक आणि एखादा सराफ एवढाच कारभार होता, आता कॉलेजची पोरं आहेत, उद्यमबागेत फौंड्रीत शिफ्ट करणारी आहेत, येळ्ळूर-कंग्राळीकडची शेतकऱ्यांची पोरं आहेत, आणि सगळी मोबाईलवर लिलावात नाणी घ्यायलेत. ईबेची भारतातली साइट 2018 साली बंद झाली, तेव्हापासून आमच्या ओळखीतले बहुतेक जण व्हाट्सअपचे ग्रुप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम लाइव्ह इकडंच वळलेत. रात्री जेवणं झाली की लिलाव सुरू, शंभर रुपयापासून बोली, साडेदहाला क्लोज. त्याला माझी काही हरकत नाही, घरबसल्या गोव्याचं, हैदराबादचं नाणं बघायला मिळतं हे चांगलंच आहे. हरकत आहे ती या लिलावांबरोबर फुकट भेटींची जी खिरापत सुरू झालीय तिला. ही खिरापत पोरांचा पैसा तर खातेच आहे, पण त्यांची नजरही बिघडवायला लागलीय, आणि नाणी जमवणाऱ्याची नजर बिघडली की मग त्याच्या संग्रहात काय शिरेल याचा नेम नाही.

होतं कसं ते सांगतो. ग्रुपवर मेसेज येतो, 'एक हजारच्या वर खरेदी करा, शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं तांब्याचं नाणं) फ्री', 'पहिल्या वीस जणांना अल्बम फ्री', 'प्रत्येक पाचशेला एक कूपन, महिनाअखेरीला ड्रॉ, पहिलं बक्षीस व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया'. पोरानं आधी साडेआठशेचं काहीतरी बरं नाणं जिंकलेलं असतं, त्याला हवं तेच, योग्य भावात. पण आता हजार पूर्ण करायला दीडशे कमी पडतात, म्हणून शेवटच्या मिनिटाला नको त्या लॉटवर बोली लावतो, परदेशी नाणी मिक्स, दहा नग, वगैरे, आणि त्याच्यासारखेच अजून चार जण तिथंच घुसलेले असतात, मग चाळीस रुपयाला कुणी न विचारणारा लॉट अडीचशेला जातो, वर शिपिंग वेगळं. तिथं नाण्याकडं कुणी बघतच नसतं हो, सगळ्यांचं लक्ष भेटीवर. आणि विकणाऱ्याला हेच हवं असतं, न खपणारा माल खपवायची ती सोपी युक्ती आहे.

सगळ्याच भेटी वाईट असं मी म्हणत नाही. पाकिटात पाच, दहा, वीस पैशांची अल्युमिनियमची नाणी टाकतात, 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेलीत, ती किलोवर मिळतात, पण निदान खरी तरी असतात, लहान मुलाला द्यायला छान. 1943 ते 47 मधला भोकाचा पैसा कुणी भेट दिला तर फारच उत्तम, तेवढ्यानं एखादं पोरगं या नादाला लागतं. माझा राग आहे तो फुकटच्या शिवराईवर.

मागं एका रविवारी आमच्याकडं शहापुरात चार-पाच जण नाणी घेऊन बसलो होतो. दोघांना वेगवेगळ्या वेळी, एकाच विक्रेत्याकडनं शिवराई भेट आलेली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. 'श्री' च्या उभ्या दांडीला मधोमध एक बारीक चीर होती, दोन्हीवर, त्याच जागी. डाव्या बाजूला काठाला एक छोटा खड्डा, तो पण दोन्हीवर तसाच. आमच्यातला एक जण फौंड्रीत मोल्डिंगला आहे, त्यानं भिंगसुद्धा घेतलं नाही, काठावरनं नख फिरवलं आणि म्हणाला, काका, हे ओतलंय, ही बघा साच्याची जोड रेघ, घासून लपवलीय, आणि ही सुईच्या टोकाएवढी भोकं म्हणजे ओतताना गॅस अडकलाय. जी गोष्ट आम्ही पुस्तकं चाळून सांगणार होतो ती त्यानं रोजच्या कामातल्या माहितीवर एका मिनिटात सांगितली. बेळगावात फौंड्रीचं काम येणारी एवढी माणसं असताना ओतीव शिवराई आपल्याच पोरांच्या गळ्यात पडावी याचं फार वाईट वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. शिवराईवर एका बाजूला तीन ओळीत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असतं. तांब्याच्या तुकड्यावर ठसा ठेवून हातोड्यानं ठोकून ती पाडलेली असते. ठसा मोठा आणि तुकडा लहान, त्यामुळं एखादं अक्षर हमखास काठाबाहेर गेलेलं असतं, कधी 'श्री' अर्धा, कधी 'शिव' मधला 'व' गायब. दर वेळी तुकडा वेगळा, हात वेगळा, म्हणून प्रत्येक शिवराईचा काठ आणि अक्षरांची बैठक आपापली असते. दोन शिवराया जर चिरेसकट, खड्ड्यासकट जुळल्या तर त्या एका साच्यातल्या, दुसरं काही नाही. अजून एक गोष्ट, शिवराई महाराजांच्या नंतरही खूप वर्षं पाडली जात होती, पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात सुद्धा त्याच नावानं, आणि इंग्रजांचा अंमल आल्यावरही ती आपल्या बाजारात चालत होती. दुदांडी, म्हणजे दोन दांड्यांची शिवराई ही त्यातलीच उशिराची. म्हणून भेटीच्या पाकिटावर 'महाराजांच्या काळातील, 1674' असं छापलेलं दिसलं की आधी थांबायचं. खरी, साधी दुदांडी आजही थोडक्या पैशात मिळते, ती खरी विकत घ्या की, फुकटची खोटी कशाला?

हे एवढं पोटतिडकीनं लिहायचं कारण आपल्याकडची शिवजयंती. चित्ररथांची तयारी सुरू झाली की या स्कीम वाढतात, हे मी दरवर्षी बघतोय. आपल्या भागातल्या मराठी माणसाच्या मनात महाराजांची जागा काय आहे ते विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. वडगावात एका घरी मी देव्हाऱ्यात अशी भेटीची शिवराई बघितलीय, हळद-कुंकू लावलेली, मुलानं लिलावात मिळवली म्हणून आईनं कौतुकानं ठेवलेली. त्या माउलीला मी काय सांगणार होतो? मुलाला बाहेर बोलावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला आणि तिथनं त्यानं नाणी घेणंच सोडलं. खोट्या नाण्यात गेलेले पैसे परत कमावता येतील, पण असं जाणतं होऊ शकणारं पोरगं आपण गमावतो ते कसं भरून काढायचं?

दुसरा प्रकार राम-सीता-हनुमानाच्या नाण्याचा. 'ईस्ट इंडिया कंपनी 1818, हाफ आणा' असं इंग्रजीत लिहिलेलं, पितळी, जाडजूड, काळं केलेलं. हे पण भेट म्हणून वाटतात आणि वर सांगतात की मार्केटला लाखाला जातं. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलेलं नाही. मद्रासला कंपनीनं सोन्याच्या पगोड्यावर तीन देव दाखवले होते हे खरं, पण ते चिमुकलं सोन्याचं नाणं, त्याचा या पितळी टिकलीशी काही संबंध नाही. सगळ्या मुलखात एकसारखी कंपनीची नाणी सुरू झाली तीच मुळात 1835 ला. देवाचं चित्र म्हणून देवघरात ठेवा, नमस्कार करा, त्यात वावगं काही नाही, पण नाणं म्हणून देऊ-घेऊ नका.

आणि तो फ्री अल्बम. मऊ, चकचकीत प्लास्टिकचा असतो, उघडला की नव्या रेनकोटसारखा वास येतो. तो वास म्हणजे पीव्हीसी. आपल्याकडं पावसाळ्यात चार महिने भिंतीला ओल असते, त्या दमटपणात हे प्लास्टिक सुटायला लागतं आणि तांब्याच्या नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो, पुढं तो धातूच खातो. मी चांगले चांगले पाव आणे असे वाया गेलेले बघितलेत. ज्यांच्याकडं हे अल्बम आहेत त्यांनी नाणी आजच बाहेर काढा आणि कागदी पाकिटात किंवा पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये ठेवा, थर आलाच असेल तर चिंच-लिंबू लावून घासायला जाऊ नका, जाणत्याला दाखवा.

आता ड्रॉ. व्हिक्टोरियाचा रुपया म्हणजे 11.66 ग्रॅम, त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी. आजचा चांदीचा भाव बघता तो कुणी उगाच वाटत नाही, त्याचे पैसे शंभर जणांच्या बोलीतनंच निघतात. तरी दिला तर दिला म्हणू, पण ड्रॉ कधी झाला, कूपन किती होती, नंबर कुणाचा लागला, काही कळत नाही. लाइव्हवर मोबाईलमधलं चक्र फिरवतात, एक अर्धवट नाव येतं आणि विषय संपतो. विचारलं तर ग्रुपमधनं काढतात, आमच्यातल्या एकाला काढलंच.

लोकांना वाटतं यात कायदा कुठं येतो. येतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापार प्रथा सांगितल्यात, त्यात भेट द्यायचा इरादा नसताना जाहीर करणं आहे, किंमत मालातच धरून वरनं फुकट असल्याचा भास करणं आहे, खप वाढवायला लॉटरी-स्पर्धा घेणं आहे, आणि स्कीमचा निकाल भाग घेतलेल्यांपासून दडवणं हेही आहे. जून 2022 मध्ये केंद्रानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर नियम काढले, त्यात साफ आहे की डिलिव्हरीसारखा न टळणारा खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही द्यावं लागत असेल तर त्या वस्तूला फ्री म्हणायचं नाही. हजाराची खरेदी करा मग शिवराई फ्री, हे त्यात कसं बसतं ते कुणीतरी मला समजावून सांगावं. आणि विकणारा कुठल्याही राज्यातला असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे आपल्याला बेळगावातच, आणि पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीतनं बोलता येतं, कन्नडातनं पण. आपली माणसं बऱ्याचदा भाषेच्या धास्तीनंच तक्रार करत नाहीत म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

एक सावधगिरी थोडक्यात. भेटीच्या फॉर्मवर नाव, पत्ता, फोन भरून देतात, आणि नंतर फोन येतो की तुमच्याकडच्या वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला एवढे लाख आलेत, आधी टॅक्स भरा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात बँक पडत नाही, कसलं कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

ग्रुपच्या अॅडमिन मंडळींना हात जोडून सांगणं आहे, भेटी बंद करा असं मी म्हणत नाही. द्यायचंच असेल तर दहा पुठ्ठ्याचे होल्डर द्या, एक बरं भिंग द्या, नाण्याबरोबर अर्ध्या पानाची मराठीत माहिती द्या, टाकसाळ कुठली, कुणाचा काळ, वजन किती. मराठ्यांच्या काळातल्या काही रुपयांवर टाकसाळीचं नाव 'आझमनगर गोकाक' असं फारसीत येतं, आणि आझमनगर म्हणजे आपलंच बेळगाव, हे किती पोरांना माहीत आहे? असं एक कार्ड पाकिटात आलं तर पोरगं दहा जणांना दाखवत फिरेल. नकली नाणं शोभेचं म्हणून द्यायचंच असेल तर त्यावर तसं ठसवा. अमेरिकेत 1973 च्या कायद्यानं नकली नाण्यावर 'कॉपी' हा शब्द उमटवावाच लागतो, आपण कायद्याची वाट न बघता ग्रुपचा नियम म्हणून एवढं करू शकतो. आणि ड्रॉ घेतला तर कूपन नंबरासकट निकाल त्याच ग्रुपवर टाका.

संपादक साहेब, आपल्याकडं दोन विनंत्या. अशा स्कीमची जाहिरात छापायला आली तर भेटीचं नाणं अस्सल की नकली हे लिहून घेतल्याशिवाय छापू नये, आणि रविवारच्या पुरवणीत महिन्यातनं एकदा जुन्या नाण्यांना चार बोटं जागा द्यावी. मजकूर आणि फोटो आम्ही शहापूरची मंडळी विनामोबदला देऊ, पहिला लेख खरी आणि ओतीव शिवराई शेजारी शेजारी ठेवून, तयारच आहे. शिवजयंतीच्या स्कीम सुरू व्हायच्या आधी तो छापून आला तर बरं होईल.

आपला नेहमीचा वाचक,
एक नाणेसंग्राहक, शहापूर, बेळगाव