सायक्लेमेनला रोज पाणी? नका हो!

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरात ठेवायच्या फुलझाडांवरचा लेख वाचला, छान होता, पण त्यात सायक्लेमेन या थंडीत फुलणाऱ्या कंदाच्या झाडाला "रोज सकाळी पाणी घाला, उबदार खिडकीत ठेवा" असं छापलंय ते बघून राहवलं नाही. नेमकं हेच करून मी एक झाड मारलंय.

तीन वर्षांपूर्वी थंडीत लेकीकडे म्युनिकला होते. तिकडे सुपरमार्केटच्या दारातच ही झाडं मांडलेली असतात, पाकळ्या वाऱ्याने उलटी झालेल्या छत्रीसारख्या आणि पानांवर चांदीची नक्षी. हौसेने आणलं, हॉलच्या खिडकीत ठेवलं. आता तिकडे हीटर बरोब्बर खिडकीखाली, म्हणजे झाडाला दिवसभर गरम झळा आणि वर माझा रोज मधोमध तांब्याभर पाण्याचा अभिषेक. आठ दिवसात पानं पिवळी, मग मधे करडी बुरशी, आणि कंद दाबून बघितला तर उकडलेल्या बटाट्यासारखा पचपचीत.

दुसरं आणलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी ताबाच घेतला. हीटर नसलेल्या जिन्यातल्या खिडकीत ठेवायला लावलं, तिथे 12-15 डिग्री असेल. पाणी वरून नाहीच, कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तरच बशीत घालायचं आणि वीसेक मिनिटांनी उरलेलं ओतून टाकायचं. वाळलेलं फूलही कात्रीने कापायचं नाही, देठ पार खाली कंदापाशी धरायचा, पिळायचा आणि झटका द्यायचा, टपकन निघतो. कापला तर खुंट राहतो आणि तोच कुजायला लागतो. ते झाड मार्चपर्यंत फुलत होतं!

जर्मन लोक याला आल्प्सचं व्हायोलेट म्हणतात, पण कुंडीतल्या या जातीचं मूळ तुर्कस्तान, लेबनॉन, सायप्रसकडचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणून हे उन्हाळ्यात झोपतं. आपला सुरण नाही का थंडीत जमिनीत गडप होतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला वर येतो, तसंच, फक्त वेळापत्रक उलटं.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत याचं बरं चालतं, ऊन थेट लागणार नाही अशा उजेडाच्या जागी, फॅनच्या झोतात नाही. ऊन तापायला लागलं की पानं पिवळी पडतात आणि मग लोक घाबरून अजून पाणी घालतात नाहीतर कुंडी कचऱ्यात. अहो ते मेलेलं नसतं. पाणी हळूहळू बंद करा, कुंडी सावलीत कोरडी ठेवा, सप्टेंबर-ऑक्टोबरात नवीन पान डोकावलं की परत सुरू करा. माती बदललीत तर कंदाचा वरचा भाग उघडा राहू द्या. आपल्या एप्रिल-मेमधे दरवेळी टिकतंच असं नाही, माझ्या इथल्या दोन कंदांपैकी एकच उठला.

अजून एक, घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा, हे झाड त्यांना विषारी असतं आणि कंद सगळ्यात जास्त. लेखात याचा उल्लेखच नाही.

पुढच्या रविवारी छोटी चौकट टाकून खुलासा छापलात तर बरं होईल. आमच्या समोरच्या ताईंनी तुमच्या लेखाचं कात्रण फ्रिजला लावलंय आणि त्यांची कुंडी मला गॅलरीतून दिसते, रोज सकाळी तांब्या चालू आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे