बाबा, गडाला अधूनमधून सुट्टी द्या

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "नाइट असली म्हणून काय झालं, व्यायामाला खाडा नको." वॉर्डातून हाक आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. त्याचं उत्तर सविस्तर द्यायचं होतं.

नाइटनंतरचा दिवस मी व्यायामाचा धरतच नाही. रात्रभर सलाइन बदलत, पेशंटला कुशीवर वळवत सकाळ होते. हँडओव्हर देऊन डोंबिवलीला पोचले की अंघोळ, पोटात काहीतरी गरम, खिडकीला जाड पडदा आणि झोप. उठल्यावर अंग हलकं वाटलं तर संध्याकाळी थोडं चालते, नाहीतर तेही नाही. वजनं उचलायची ती वीकली ऑफला आणि दुपारची पाळी असेल त्या एखाद्या सकाळी, मध्ये निदान दोन दिवस सोडून. हा आळस नाही, बाबा. व्यायामाने स्नायू थकतो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून निघते आणि ताकद वाढते ती नंतर, खाण्या-झोपण्यात. झोप मोडून केलेला व्यायाम अंगी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा 2020 मध्ये हिशेब आठवड्याचाच सांगितला: 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा. तो ड्यूटी चार्ट बघून बसवता येतो.

आता तुमच्याबद्दल. रोज अजिंक्यतारा चढता याचा मला अभिमान आहे, पण जिना उतरताना तुम्ही कठडा घट्ट धरता हे मी दिवाळीत पाहिलं. चढताना दम लागतो, गुडघ्याची परीक्षा मात्र उतरताना असते. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच सगळं वजन पेलतो, म्हणून ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. तो ओसरायच्या आत तुम्ही पुन्हा गडावर! एक दिवस गड, एक दिवस राजवाड्यापर्यंत सपाटीवर चालणं आणि रविवारी पूर्ण आराम, एवढं कराच. तालमीत वस्ताद जोर-बैठका काढून घ्यायचे आणि दुपारी सक्तीने झोपवायचे, हे तुम्हीच तर सांगायचात. वैद्यही अर्धशक्ती व्यायामच सांगत आले आहेत. कपाळावर, काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली, की थांबायचं.

आई, तुझी गोष्ट वेगळी. "दिवसभर कामच असतं, वेगळा व्यायाम कशाला?" असं तू म्हणतेस. पण ओट्याशी तासन् तास उभं राहून पाय फक्त थकतात, मांड्यांत ताकद येत नाही. आणि विश्रांती तर तुझ्या वाट्याला येतच नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी एवढंच कर: जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकव, पुढच्या कडेला बस, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घे, हात छातीशी बांध, पुढे झुकून उभी राहा. मग मनात तीन मोजत सावकाश बस, धपकन नाही. आठ वेळा झालं की दम खा आणि पुन्हा एकदा. हात बांधून जमलं नाही तर सुरुवातीला टेबलाचा आधार घे. चहाचं आधण उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलत जा, त्याने तोल सांभाळायची सवय होते. तुमच्या वयात पडण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पडून हाड मोडलेली माणसं मी रोज बघते.

आणि दुपारी जेवण झाल्यावर अर्धा तास आडवी हो. त्या वेळी बेल वाजली तर दार बाबा उघडतील, चारचा चहाही तेच टाकतील. बाबा, हे तुमच्यावर सोपवते आहे.

पुढच्या महिन्याचा चार्ट लागला की कळवते. दोन ऑफ जोडून मिळाले तर साताऱ्याला येईन. तोवर गुडघ्याला सूज दिसली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगेपर्यंत गड चढू नका. आई, दाखवलं की नाही ते मला तू सांग, बाबा सांगायचे नाहीत.

तुमची लेक