मृगाच्या आधी घराकडे बघून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार,

मृग नक्षत्र 7 जूनच्या आसपास लागतं, पण वादळवारं आपल्या मराठवाड्यात त्याआधीच येतं. म्हणून घराची राहिलेली कामं या आठवड्यातच उरका.

आधी गच्ची. पन्हाळीत आणि पाइपात अडकलेला लिंबाचा पाला काढा, भेगा कोरड्या असतानाच बुजवा. ओल्या स्लॅबवर मसाला धरत नाही आणि पाऊस लागला की मिस्त्रीही मिळत नाही. ज्यांच्याकडे पत्रे आहेत त्यांना कळकळीची विनंती, वर दगड ठेवून भागवू नका. वावटळीत पत्र्यासोबत दगडही अंगावर येतो. हूक-बोल्ट कसून घ्या.

लातूरला 2016 साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर नुसता 10 मिलिमीटर पाऊस झाला तरी सुमारे 900 लिटर पाणी पडतं. ते गटारीत जाऊ देऊ नका, पाइप बोअरजवळच्या शोषखड्ड्याला जोडा. खड्ड्यातला गाळ काढा आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडा.

कूलर आवरताना टाकी नुसती रिकामी करून चालणार नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी कडांना चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. कडा ब्रशनं घासा, टाकी वाळवून झाका.

अर्थिंग आणि उघड्या वायरी वायरमनकडूनच तपासून घ्या.

ज्या घरी वयस्कर माणसं एकटी आहेत, तिथं शेजाऱ्यांनी गच्ची साफ करून द्यावी. शिडी, फावडं लागलं तर ग्रुपवर सांगा.

– व्यवस्थापन समिती