हॅम रेडिओच्या खरेदीत अंध ऑपरेटरचा विचार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या बिनतारी रेडिओच्या, नव्या संचांवर मोठा रंगीत टचस्क्रीन आणि मोजकी बटणे असतात. आयकॉम कंपनीच्या २०१६ च्या आयसी-७३०० या संचाने ही मांडणी लोकप्रिय केली. अख्खा बँड, म्हणजे वारंवारतांचा पट्टा, एका नजरेत दिसतो, ही सोय मोठीच आहे. पण हा छंद मुळात कानाचा. त्यात अंध ऑपरेटर कधीच मागे नव्हते, आता संचच त्यांना मागे ढकलतोय. जिल्ह्यातले क्लब, महाविद्यालये आणि पूर नियंत्रणासाठी खरेदी करणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावे.

साधा आवाजाचा नॉब घ्या. त्यामागे पोटेन्शियोमीटर (फिरवून कमी-जास्त करायचा विद्युत रोध) असेल, तर तो सुमारे ३०० अंश फिरून दोन्ही टोकांना अडतो. डावीकडे पूर्ण फिरवायचा आणि तिथून मोजून वळवायचा. संच बंद असतानाही आवाज कुठे आहे हे बोटांना कळते. त्याजागी एन्कोडर (नुसते फिरणे मोजणारा भाग) आला की नॉब गोलगोल फिरतच राहतो आणि आकडा फक्त पडद्यावर दिसतो. टचस्क्रीनवर तर चाचपायलाच काही नाही. उठावदार ठिपके चिकटवूनही भागत नाही, कारण पान बदलले की त्याच जागी दुसरेच बटण येते. आयसी-७३०० वर पॉवर १०० वॅटवरून ५ वॅटवर आणायची, तर मल्टी नॉब दाबायचा, पडद्यावरची पॉवरची चौकट बोटाने निवडायची, मग नॉब फिरवायचा. यातली मधली पायरी न बघता जमत नाही. त्याचे ‘स्पीच’ बटण वारंवारता, मोड (संदेश पाठवण्याची पद्धत) आणि सिग्नलची पातळी बोलून दाखवते, मेन्यू मात्र मुका.

दोष काचेचा नाही. २००९ पासून आयफोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी व्हॉइसओव्हर ही सोय आहे: बोट फिरवा, नाव ऐका, दोनदा टिचकी मारा. रेडिओतही हे अशक्य नाही. केनवुडच्या टीएस-५९० मध्ये व्हीजीएस-१ हे जोडकार्ड बसवले की मेन्यूसुद्धा बोलतो. टीएस-८९० मध्ये ती सोय आतच आहे. एलेक्राफ्टच्या केएक्स३ मध्ये बटणांची आणि मेन्यूची नावे चक्क मोर्समध्ये, म्हणजे आखूड-लांब सुरांच्या सांकेतिक लिपीत, ऐकू येतात. मोर्स कानात बसलेल्या माणसाला याहून काय हवे!

टचस्क्रीनचा संच आधीच घेतला असेल, तर संगणकाचा आधार घ्या. आधी यूएसबी ड्रायव्हर टाका, मगच केबल जोडा. हॅमलिब ही संगणकावरून रेडिओ चालवणारी मोफत प्रणाली आणि एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत स्क्रीनरीडर बसवा. हॅमलिबमधले रिगसीटीएल (rigctl) हे साधन निव्वळ अक्षरांवर चालते, म्हणून एनव्हीडीए ते नीट वाचते: लहान एफ (f) दिला की वारंवारता कळते, मोठा एफ (F) आणि पुढे हर्ट्झमधला आकडा दिला की ती बदलते. संच आणि संगणक दोन्हीकडचा बॉडरेट (माहिती पाठवण्याचा वेग) सारखा हवा, नाहीतर संच उत्तरच देत नाही. आणखी एक धोका: यूएसबीवरून प्रक्षेपण सुरू करण्याची सेटिंग आरटीएस किंवा डीटीआर या पोर्टच्या नियंत्रण-संकेतांवर असेल, तर पोर्ट उघडताच संच आपोआप प्रक्षेपण करू लागतो. पडदा न दिसणाऱ्याला ते लवकर कळतही नाही. ती आधी बंद करून घ्यावी. या जोडणीला एकदा डोळस माणसाची मदत लागते, हे मात्र खरे.

बटणांचा फायदा सगळ्यांनाच आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघते, तेव्हा संच हाताळणाऱ्याचे हात ओले असतात. पडदा कपॅसिटिव्ह (बोटाच्या विद्युतभारावर चालणारा) असेल, तर त्याला पाण्याचा थेंबही बोटासारखाच वाटतो, आणि साध्या रबरी हातमोज्यातले बोट बहुधा कळत नाही. दुरुस्तीतही फरक पडतो. दमट हवेने खरखरणारा पोटेन्शियोमीटर बहुतेकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने सुधारतो. नॉब तुटला तर ६ मिलिमीटरच्या दांड्यावर बसणारा नवा आपल्या उद्यमनगरात लेथवर कातून मिळेल. पडद्याचा स्पर्शथर गेला, तर त्यावरची सगळीच कामे अडतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४३ नुसार सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना चालना देणे हे शासनाचे काम आहे. तेव्हा निविदेत वॅट आणि बँडबरोबर ‘मेन्यूसह सर्व कामे ध्वनी-मार्गदर्शनाने करता यावीत’ ही अट घाला. पैसे देण्याआधी अंध ऑपरेटरला संचासमोर बसवा. बँड बदलणे, मोड बदलणे, पॉवर कमी करणे, रिपीटरचा (संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा) टोन लावणे आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचे माप) तपासणे, ही पाच कामे त्याला कोणाच्या मदतीशिवाय करता आली, तरच तो संच घ्यावा.

आपला,
एक हॅम परवानाधारक, कोल्हापूर