जिम क्लार्कच्या वस्तूंचा सातबारा: डॉक्टरकाकांना आभारपत्र

आदरणीय डॉक्टरकाका,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझ्याकडे जमलेल्या जिम क्लार्कच्या वस्तूंची नोंदवही या महिन्यात पुरी झाली. तिच्यातली क्वचितच एखादी नोंद तुमच्या मदतीशिवाय झाली असेल. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच स्कॉटलंडच्या हवेचा विषय काढता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. भारतात बसून युरोपातल्या जुन्या मोटार शर्यतींच्या वस्तू जमवणारे माझ्यासारखे आणखीही काहीजण आहेत, आणि तुम्ही मला जे शिकवलेत ते त्यांच्याही उपयोगी पडावे, हे दुसरे कारण. तुमचे नाव न छापण्याची अट पाळली आहे.

ज्यांना क्लार्क केवळ नावाने माहीत आहे त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. तो १९३६ साली स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यात जन्मला आणि इंग्लंडच्या सीमेलगत बेरिकशरमधल्या एडिंग्टन मेन्स या घरच्या शेतावर वाढला. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस संघाकडून तो १९६३ आणि १९६५ असा दोनदा फॉर्म्युला वन या सर्वोच्च श्रेणीच्या मोटार शर्यतींत जगज्जेता झाला. या अजिंक्यपदासाठीच्या ७२ शर्यतींपैकी (त्यांना ग्रां प्री म्हणतात) २५ त्याने जिंकल्या. त्या काळी हंगामातल्या उत्तम सहा निकालांचेच गुण धरले जात आणि विजयाला नऊ गुण मिळत, म्हणजे कमाल बेरीज ५४. क्लार्कने दोन्ही जगज्जेतेपदे नेमके ५४ गुण घेऊन मिळवली, त्याहून अधिक मिळवणे नियमानेच शक्य नव्हते. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतल्या हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टू या खालच्या श्रेणीच्या शर्यतीत त्याचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.

इतक्या मोठ्या आणि इतक्या लवकर गेलेल्या माणसाच्या वस्तूंचा बाजार कसा असतो, हे तुम्ही मला पहिल्याच पत्रात सांगितले होते. अस्सल वस्तूंची संख्या १९६८ मध्येच थांबली, मागणी मात्र थांबली नाही, आणि मधली जागा नकलांनी भरून काढली. मावशीच्या ओळखीने मी तुम्हाला लिहिले ते एका स्वाक्षरी असलेल्या छायाचित्राबद्दल. विक्रेता त्याची मोठी किंमत सांगत होता. छायाचित्र अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या १९६५ च्या शर्यतीचे होते, जिच्यात क्लार्कने ८२ क्रमांकाची लोटस ३८ चालवत २०० पैकी १९० फेऱ्यांत आघाडी राखली आणि मागे इंजिन असलेल्या गाडीने ती शर्यत प्रथमच जिंकली. असे चित्र कोणाला नको असेल? तुम्ही त्या स्वाक्षरीवर एक शब्दही बोलला नाहीत. तुमचे उत्तर एका ओळीचे होते: “शेत घेताना सातबारा बघतोस ना, मग आधी चित्राची पाठ मागव.”

पाठ आली. तिच्यावर छायाचित्रकाराचा शिक्का होता आणि शिक्क्यातल्या पत्त्यात पूर्ण पोस्टकोड (आपल्या पिनकोडसारखा) होता. ब्रिटनमध्ये १९५९ साली नॉर्विच येथे पोस्टकोडचा प्रयोग झाला, १९६६ पासून क्रॉयडनपासून तो पद्धतशीरपणे पसरू लागला आणि १९७४ पर्यंत देशभर लागू झाला, हे तुम्ही मला समजावून सांगितलेत. लंडनचे ‘डब्ल्यू १’, ‘एसडब्ल्यू १’ असे टपाल विभाग मात्र फार जुने आहेत, त्यामुळे नुसती अक्षरे पाहून दचकायचे कारण नाही; पाहायचा तो त्यानंतरचा, आकडा आणि दोन अक्षरे असलेला तुकडा. त्या शिक्क्यातल्या गावाला असा कोड क्लार्कच्या हयातीत मिळालेला नव्हता, हे तुम्ही तिथल्या ग्रंथालयात जाऊन पाहून आलात. म्हणजे कागद त्याच्या मृत्यूनंतर छापलेला आणि त्यावर त्याची सही! विक्रेत्याला मी नम्रपणे नकार कळवला. त्याचे उत्तर मात्र नम्र नव्हते, पण तो विषय वेगळा.

त्यानंतर तुम्ही मला जणू एक अभ्यासक्रमच लावून दिलात. छापील सही दहापट भिंगाखाली ठिपक्यांची बनलेली दिसते, पेनाची सही सलग शाईची असते आणि तिरप्या उजेडात बॉलपेनचा दाब कागदावर उमटलेला दिसतो. कृष्णधवल छायाचित्रांचा प्लास्टिकचे अस्तर असलेला कागद सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस रूढ झाला, म्हणून १९६३ चे म्हणून विकले जाणारे चित्र त्या कागदावर असेल तर ते नंतरचे मुद्रण आहे, मग चित्रातला क्षण कितीही खरा असो. प्रोग्रॅम-पुस्तिकेवरची किंमत शिलिंग-पेन्सच्या जुन्या हिशेबात हवी, कारण ब्रिटनने दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ रोजी स्वीकारले. अतिनील दिव्याच्या चाचणीवर पुष्कळ संग्राहकांचा फार विश्वास असतो. तुम्ही ती माझ्याकडून सोडवलीत, कारण कागद उजळ दिसावा म्हणून घालायची द्रव्ये पन्नाशीच्या दशकातच छायाचित्रांच्या कागदात आली होती. तेव्हा दिव्याखाली चमकणारा कागद साठच्या दशकातलाही असू शकतो आणि कालचाही.

तुमची शंका एकतर्फी नव्हती, हे मला विशेष सांगायचे आहे. लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगाच्या लोटसमध्ये बसलेल्या क्लार्कचे एक लहान चित्र मला मिळत होते आणि दोन जाणकारांनी ते बनावट ठरवले होते. त्यांचे म्हणणे असे की गोल्ड लीफ या सिगारेटचे ते रंग जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत क्लार्क गेल्यानंतर, मे १९६८ मध्ये दिसले. ते खरेच आहे. १ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या कायलामी येथे त्याने २५ वा विजय मिळवून अर्जेंटिनाच्या फांजिओचा २४ विजयांचा विक्रम मोडला, तेव्हाही गाडी हिरवीच होती. पण त्याच महिन्यात न्यूझीलंडमध्ये, अजिंक्यपदाबाहेरच्या टास्मन मालिकेत तो या नव्या रंगांच्या गाडीतून उतरला होता, आणि हॉकेनहाइमची शेवटची गाडीही त्याच रंगांची होती. तुम्ही हे सांगितलेत म्हणून ते चित्र आज माझ्याकडे आहे. नाही म्हणायला शिकवणारे पुष्कळ भेटतात; कोणत्या आधारावर हो म्हणावे हे मला तुमच्याकडून कळले.

आता ज्या वस्तूसाठी हे पत्र मुख्यतः लिहिले त्या वस्तूकडे येतो. १० जुलै १९६५ च्या सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रां प्रीची तुमची स्वतःची प्रोग्रॅम-पुस्तिका तुम्ही मला पाठवलीत. मुंबईहून इंग्लंडला जाऊन तुम्हाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, रुग्णालयातली रात्रपाळी संपवून एका सहकाऱ्याच्या मोटारीतून तुम्ही शर्यतीला गेला होतात, एवढेच तुम्ही सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते. बाकीचे सारे त्या पुस्तिकेत आहे. फेऱ्यांची नोंद करण्यासाठी छापलेल्या कोऱ्या रकान्यांत तुम्ही पेन्सिलने गाड्यांचे क्रमांक भरले आहेत, सुरुवातीला अगदी नेटके, मध्यावर घाईघाईने, आणि शेवटच्या फेऱ्यांत तर क्रमांक सोडून केवळ क्लार्क आणि त्याच्या मागोमाग धावणारा ग्रॅहम हिल यांच्यातले अंतर मनगटी घड्याळावरून मोजून लिहिलेले. ते अंतर घटत जाते. ८० फेऱ्यांच्या त्या शर्यतीत अखेरीस क्लार्कच्या इंजिनातले तेल संपत आले होते आणि इंजिन वाचावे म्हणून तो वळणांवर ते चक्क बंद करून गाडी घरंगळत नेत होता. मोठी आघाडी वितळत जाऊन तो अवघ्या ३.२ सेकंदांनी जिंकला. हे आज शर्यतींच्या कोणत्याही इतिहासात वाचायला मिळते. पण तुमच्या पुस्तिकेच्या समासात, त्या घटत्या आकड्यांच्या शेजारी, बारीक मराठी अक्षरांत लिहिले आहे: “आवाज गेला? परत आला.” पुढच्या फेरीसमोर पुन्हा नुसते “गेला.” कारण काय ते कुंपणाबाहेर कोणालाही ठाऊक नसताना तुमच्या कानांनी ते टिपले होते.

बाजाराच्या नियमाने लिखाण असलेल्या पुस्तिकेची किंमत कोऱ्या पुस्तिकेपेक्षा कमी धरतात. हा नियम मला कधीच पटला नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. काचेच्या कपाटात झळकणाऱ्या, कपाळावर पांढरा छज्जा असलेल्या, क्लार्कच्या धाटणीच्या गडद निळ्या नव्या हेल्मेटपेक्षा (तसली प्रतिकृती पाहिजे तितकी मिळते) पेन्सिलच्या या चार शब्दांतून क्लार्क मला अधिक कळतो. तुम्ही पुस्तिकेचे पैसे घेतले नाहीत, टपालखर्चही घेतला नाहीत, उलट पुण्याच्या पावसाळ्यात ती कशी सांभाळायची याच्या सूचना पाठवल्यात. पीव्हीसीच्या पिशव्यांतून काळाच्या ओघात बाहेर पडणारी द्रव्ये कागद आणि छायाचित्रे खराब करतात, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटे आणि आम्लविरहित पुठ्ठा वापरत आहे. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात वेळच्या वेळी बदलतो. गंजलेल्या टाचण्यांना मी हात लावलेला नाही. ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घेईन. काकूंनी प्रत्येक पानाची प्रतिमा काढून आधीच पाठवली होती, त्यामुळे अभ्यासासाठी मूळ पुस्तिका वारंवार हाताळावी लागत नाही. त्यांचेही मनापासून आभार. स्कॅनरवर पुस्तिका दाबायची नाही म्हणून त्यांनी एकेक पान अर्धवट उघडून वरून छायाचित्र घेतले, हे मला तुमच्याकडून नव्हे, त्यांच्याकडून कळले.

पुढे तुम्ही स्कॉटलंडच्या सीमाभागात दवाखाना थाटलात आणि क्लार्कच्या गावकऱ्यांमध्येच आयुष्य काढलेत. चर्नसाइडच्या चर्चलगतच्या त्याच्या थडग्यावर आधी शेतकरी आणि मग जगज्जेता असे कोरलेले आहे, हे तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात मी प्रथम पाहिले. त्याच्या आईवडिलांनी चषक आपल्यापाशी न ठेवता डन्स गावाला दिले, १९६९ साली तिथे त्याच्या नावाची खोली उघडली आणि २०१९ मध्ये तिचे मोठे संग्रहालय झाले, हा क्रम तुम्ही मला सांगितलात तेव्हा त्यामागे काही सुचवण्याचा तुमचा हेतू होता की नव्हता, ते ठाऊक नाही. मी मात्र त्यावर बराच विचार केला.

त्यातूनच एक विनंती सुचली. तुमची पुस्तिका माझ्यानंतर डन्सच्या संग्रहालयाला देऊ करावी, असे मी कागदोपत्री लिहून ठेवू इच्छितो, आणि त्यासाठी तुमची संमती हवी आहे. सोबत समासातल्या मराठी टिपणांचा इंग्रजी अनुवाद आणि ती लिहिणारा तरुण डॉक्टर कोण होता याची माहिती जोडावी लागेल, म्हणजे नाव न छापण्याची अट तिथपुरती तरी शिथिल करावी लागेल. संग्रहालयाला ती स्वीकारायची आहे का, हे तुमचा होकार आल्यावरच विचारीन. नकार आला तरी पुस्तिका तुमच्या नातवंडांकडे परत पोहोचेल अशी सोय केली आहे.

आणखी एक शंका उरली आहे. साठाव्या फेरीच्या रकान्यात तुम्ही एक गोल काढून खोडला आहे आणि तो कशाचा आहे हे मला उलगडलेले नाही. आठवत असेल तर कळवावे, नोंदवहीत ती एक ओळ रिकामी ठेवली आहे.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
पुण्याचा एक संग्राहक