रस्त्यावरची जबाबदारी वाहनाच्या वजनाप्रमाणे वाटली जावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही दिवस नाशिक शहरातील वाहतुकीवर चर्चा चालू आहे. तिच्यातील बहुतेक पत्रांचा सूर असा आहे, की नियम सर्वांना सारखेच असावेत, आणि विनाहेल्मेट दुचाकीस्वाराला दंड होत असेल तर वाटेल तिथे रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला आणि उलट्या दिशेने येणाऱ्या सायकलस्वारालाही तो तितक्याच तत्परतेने व्हावा. वरवर पाहता या मागणीत गैर काही नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे रस्त्यावरचे हे तिघेही एकमेकांचे सारखेच नुकसान करू शकतात. ते खरे नाही. पादचाऱ्याची चूक झाली तर जीव पादचाऱ्याचा जातो आणि मोटारचालकाची चूक झाली तरीही जीव बहुधा पादचाऱ्याचाच जातो. ज्याच्या हाती अधिक वजन आणि अधिक वेग आहे, त्याच्यावर अधिक जबाबदारी असली पाहिजे, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

हे तत्त्व कोणी परदेशातून आणून आपल्यावर लादण्याची गरज नाही, कारण आपल्या कायद्याला ते १९८२ पासून मान्य आहे. मोटार अपघातात माणूस दगावला, तर चालकाची चूक सिद्ध होण्याची वाट न पाहता वाहनमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने ठरावीक भरपाई द्यावी, अशी तरतूद त्या वर्षी झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये आली असून त्यानुसार मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये द्यावे लागतात. चूक कोणाची, हा प्रश्न इथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे. धोका निर्माण करणारे यंत्र ज्याने रस्त्यावर आणले, त्याने त्या धोक्याचा काही भार उचललाच पाहिजे, ही त्यामागची भूमिका आहे. विमा व्यवसायात आयुष्य काढल्यामुळे मोटार अपघात दाव्यांचे कागद मी पुष्कळ वाचले आहेत. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी असते, ब्रेक लागल्याच्या खुणांची लांबी असते, वाहन कोणत्या दिशेला तोंड करून उभे होते तेही असते; मात्र तिथे झेब्रा पट्टे होते का आणि खांबावरचा दिवा चालू होता का, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. मग दाव्यात बचाव पक्षाचे पहिले वाक्य ठरलेले असते, की मयत इसम अचानक वाहनासमोर आला.

या ‘अचानक’मागचे साधे गणित एकदा करून पाहावे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते, आणि समोरचा माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एवढाच वेळ जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी मोटार कोरड्या रस्त्यावर जेवढ्या अंतरात पूर्ण थांबलेली असते, तेवढ्या अंतरात ५० च्या वेगाची मोटार जेमतेम ब्रेक लावू लागते. म्हणजे ‘अचानक’ ही पादचाऱ्याच्या पावलांइतकीच चालकाच्या वेगाचीही बाब असते. कॉलेज रोडवर संध्याकाळी, दोन्ही बाजूंना वाहने उभी असताना, मधल्या उरलेल्या पट्ट्यातून ५० च्या वेगाने मोटार नेणाऱ्याला, एखादे मूल उभ्या गाडीमागून धावत आले तर, आपण काही करू शकलो नाही असे म्हणण्याचा नैतिक अधिकार उरतो असे मला वाटत नाही.

आता पादचाऱ्यांकडे वळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,७२,८९० माणसे मरण पावली आणि त्यांपैकी ३५,२२१ जण पायी चालणारे होते. पाचांतील एक. हे सारे बेशिस्त होते असे ज्यांना वाटते, त्यांनी मुंबई नाक्यावरून शालिमारपर्यंत एकदा पायी जाऊन यावे. पादचारीपथ मध्येच संपतो, पुढे त्यावर विजेचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) किंवा दुचाकींची रांग असते, आणि चालणाऱ्याला रस्त्यावर उतरण्याखेरीज पर्याय राहत नाही. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पादचारीपथाची अडथळाविरहित रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर सांगितली आहे. आपल्याकडच्या कित्येक पथांवर चढण्यासाठी गुडघे चांगले असावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळामुक्त पादचारीपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तेव्हा पादचाऱ्याला दंड करायचा झाल्यास, त्याला चालण्यासाठी जागा दिली होती काय, हे आधी तपासावे लागेल.

सिग्नलचेही तेच. सहा मार्गिकांचा रस्ता सुमारे २१ मीटर रुंद असतो. धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो, म्हणजे त्याला पलीकडे पोहोचायला सतरा सेकंद लागतात. काठी टेकत जाणाऱ्या आजींना त्याहून कितीतरी अधिक. एवढा वेळ सलग मिळत नसेल तर माणूस मधल्या दुभाजकावर अडकतो आणि तिथून पुढे अंदाजाने पळतो. त्यात आपल्याकडे डावे वळण सदासर्वकाळ मोकळेच असते असा जवळजवळ सर्वांचा समज आहे. फलक किंवा हिरवा बाण नसेल तर लाल दिव्याला डावीकडेही वळता येत नाही, हे सांगितले की चांगले शिकले-सवरलेले लोक चकित होतात. द्वारका चौकात पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधण्यात आला होता, पण लोकांनी तो आपलासा केला नाही. अंधार आणि अस्वच्छता ही कारणे तर आहेतच, पण हातात पिशव्या असलेल्या थकल्या माणसाने जिने उतरावेत आणि चढावेत, कशासाठी तर मोटारींचा खोळंबा होऊ नये म्हणून, ही अपेक्षाच मुळात उलटी आहे.

सायकलींच्या बाबतीत आपल्या शहराची गंमत आहे. महाजन बंधू या आपल्याच डॉक्टरांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हा नाशिकला रास्त अभिमान वाटला, आणि त्यानंतर गंगापूर रस्त्याने व त्र्यंबक रस्त्याने पहाटे जाणाऱ्या सायकलींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. सायकलस्वार म्हटले की आपल्यासमोर हाच हेल्मेटधारी, उजळ कपड्यांतला हौशी माणूस येतो. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत रात्रपाळीला जाणारा कामगार, सोसायटीचा पहारेकरी आणि पहाटे आपलेच वर्तमानपत्र घरोघर टाकणारा मुलगा हे मात्र आपल्या चर्चेत येत नाहीत. हे लोक हौसेने सायकल चालवत नाहीत. त्यांच्या जुन्या सायकलींना दिवा नसतो, मागचा परावर्तक तुटलेला असतो, आणि मालमोटारीच्या चालकाला ते दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. एके काळी दिव्याविना सायकल चालवली की चौकातला हवालदार चाकातली हवा सोडत असे. सायकलीला लावाव्या लागणाऱ्या नगरपालिकेच्या पत्र्याच्या बिल्ल्याबरोबर तो धाकही गेला. दंड करण्याऐवजी औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांनी आपल्या कामगारांच्या सायकलींना मागचा लाल दिवा बसवून दिला तर एका सायकलमागे फार तर दोनशे-तीनशे रुपये खर्च येईल.

याचा अर्थ सायकलस्वारांना आणि पादचाऱ्यांना काहीच कर्तव्य नाही असा कोणी घेऊ नये. उड्डाणपुलाखालच्या सेवा रस्त्यांवर उलट्या दिशेने येणारा सायकलस्वार स्वतःबरोबर समोरून नीट येणाऱ्या दुचाकीस्वारालाही संकटात घालतो. कानात गाणी लावून, मान खाली घालून रस्ता ओलांडणाऱ्या तरुणाची बाजू मी घेणार नाही. जिथे पादचारीपथ नाही तिथे समोरची वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चालावे, एवढे तरी शाळेत शिकवायला हवे. पण या चुकांचे आणि शिकवणी वर्गांबाहेर सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटर देणाऱ्या पालकांच्या चुकीचे माप एक नव्हे. या पालकांसाठी मोटार वाहन कायद्याचे कलम १९९अ आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. वर्ग सुटण्याच्या वेळी पोलिसांनी आठवडाभर हे एकच कलम राबवून पाहावे.

पायी चालणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून रस्ते आखणे नाशिकला जमत नाही असेही नाही. २००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा बळी गेल्यावर २०१५ मध्ये वाहने शहराबाहेर थांबवून रामकुंडाकडे येण्याजाण्याचे पायी मार्ग काळजीपूर्वक ठरवले गेले, आणि तो सिंहस्थ सुखरूप पार पडला. पौषात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबक रस्त्याने दिंड्या निघतात, चैत्रात वणीच्या गडाकडे लोक अनवाणी चालतात, तेव्हा हेच मोटारचालक वेग कमी करतात आणि कोणी हॉर्नही वाजवत नाही. आता नव्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरभर रस्ते रुंद करण्याची कामे चालू आहेत. रुंद रस्त्यावर वेग वाढतो आणि तो ओलांडायचे अंतरही वाढते. तेव्हा प्रत्येक रुंदीकरणाच्या आराखड्यात दुभाजकावरील थांबा, सलग पादचारीपथ आणि पादचाऱ्यांसाठीचा सिग्नल यांची तरतूद आहे की नाही, हे कामे पूर्ण होण्याआधी नागरिकांसमोर मांडले जावे.

आपल्या वार्ताहरांकडेही एक मागणे आहे. अपघाताची बातमी देताना मृताचे वय आणि वाहनाचा प्रकार आपण देताच. त्याच्या जोडीला त्या ठिकाणी झेब्रा पट्टे होते का, पथदीप चालू होता का, वेगमर्यादेचा फलक होता का, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी चालक थांबला होता का, या चार गोष्टी प्रत्येक वेळी छापाव्यात. वर्षभराने त्याच बातम्या एकत्र वाचल्या तर कोणत्या चौकात कोणाला जाब विचारायचा, हे महापालिकेला आणि पोलिसांनाही वेगळे सांगावे लागणार नाही.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, नाशिक